काटेरी माळावर गाडी पंक्चर होऊ नये म्हणून काय करायचं (नवीन लोकांसाठी)

आधी एक किस्सा सांगतो मग कामाचं बोलू. मे महिना, सांगोला आणि जतच्या मधला माळ, आम्ही दोन गाड्या घेऊन गेलेलो, एक थार आणि एक जुनी ट्यूबवाली जीप. सकाळपासून दगडगोट्यातनं घातल्या, ओढ्यातनं काढल्या, काही झालं नाही. दुपारी भाकरी खायला सावली बघितली आणि दोन्ही गाड्या झाडाखाली नेऊन लावल्या. जेवून उठतोय तर जीपची मागची दोन्ही चाकं बसलेली आणि थारचं एक बारीक सुसु करतंय. झाड कसलं, तर बाभळीचं. त्यात कुणीतरी शेळ्यांना म्हणून आठवड्यापूर्वी डहाळे तोडून खाली टाकलेले, शेळ्यांनी पाला खाल्ला आणि काटे आमच्यासाठी ठेवले. जीपला स्टेपनी एक, पंक्चर दोन. दुसरं चाक खोलून एकाच्या मोटरसायकलवर मांडीत धरून गावात न्यावं लागलं, पार संध्याकाळ झाली.

हे सांगायचं कारण असं की नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो कुठला टायर घेऊ. टायर नंतर. काट्याच्या भागात पंक्चर जास्त करून वाचतं ते चाक कुठं ठेवतो आणि गाडी कुठं उभी करतो यावर. आमच्या सांगोला, आटपाडी, माण, जत, मंगळवेढा, करमाळा या सगळ्या पट्ट्यात बोलेरोवाले, दूधवाले वर्षानुवर्षे साध्या टायरवर फिरतात आणि पुण्या-मुंबईहून महागडे टायर लावून आलेला पाहुणा पहिल्या दिवशी बसतो, हे मी कितीदा बघितलंय.

काटे ओळखायला शिका

सगळे काटे सारखे नसतात भाऊ. गावठी बाभळीचा काटा पांढरा, सरळ, जोडीनं येतो आणि पाच-सात सेंमीपर्यंत सहज जातो. आता हिशोब करा, नव्या ऑल टेरेन टायरची (रस्ता आणि माळ दोन्हीला चालणारा) नक्षी साधारण 10 ते 12 मिमी खोल असते आणि नक्षीच्या खाचेत तळाला रबर अगदीच थोडं असतं. रेडियल टायरला त्याखाली स्टीलच्या तारांचा पट्टा असतो हे खरं, पण त्या तारांच्या मधनं काटा शिरतो, खिळ्यापेक्षा बारीक असतो ना तो. म्हणून नक्षी जाड आहे म्हणजे निर्धास्त, असं समजू नका, खाचेत घुसला की जाडी गेली कामातनं.

वेडी बाभूळ हा खरा ताप. ही मूळची अमेरिकेकडची, इंग्रजांच्या काळात आपल्याकडं आणली, आता ओढे, तळ्याचे काठ, रेल्वेची कडा, पडीक रान सगळीकडं तिचंच राज्य. कच्छच्या बन्नीत तिला गांडो बावळ म्हणतात, म्हणजे तिकडंही वेडीच, आणि रण बघायला जाणाऱ्या आपल्या लोकांना तिथं हाच प्रसाद मिळतो. तिचे काटे लहानमोठे असतात पण वाळल्यावर फार टणक होतात. लोक कोळशासाठी, जळणासाठी ती तोडतात, तेव्हा फांद्या वाटेवरच साफ करतात, आणि खाली जे बोटाएवढे तिरपे तोडलेले खुंट राहतात ते काट्यापेक्षा वाईट. काटा टायरला भोक पाडतो, खुंट टायर फाडतो.

हिवर, खैर, बोर हे बाकीचे नातेवाईक. बोरीला एक काटा सरळ आणि एक वाकडा, वाकडा कपड्यात अडकतो, सरळ टायरात. हिंगणबेट दिसलं तर लांबनंच रामराम करा, त्याचा काटा जाड आणि दाभणासारखा, चांगली चप्पल पार करतो. आमच्याकडचे मेंढपाळ ट्रकच्या टायरचा तळ लावलेल्या वहाणा घालतात ते उगाच नाही.

आणि सराटा. जमिनीसरपट पसरणारं, पिवळ्या बारक्या फुलांचं, आयुर्वेदवाले गोखरू म्हणतात ते. त्याचं फळ वाळून फुटलं की पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा कसाही पडला तरी एक काटा आभाळाकडं. मोठ्या गाडीच्या टायरला तो फार काही करत नाही, पण सायकल, स्कूटर, जुना झिजलेला मोटरसायकलचा टायर यांची वाट लावतो. पावसाळ्यात उगवतो, दिवाळीच्या आसपास वाळतो, म्हणजे नेमकं फिरायचा सीझन सुरू होताना.

एक गोष्ट लोक काट्यात धरतच नाहीत, ती म्हणजे धसकटं. तूर कापल्यावर, पऱ्हाटी तोडल्यावर शेतात जे वीतभर तिरपे कापलेले बुडखे राहतात ना, त्यानं ट्रॅक्टरचे टायरसुद्धा जातात. जानेवारी-फेब्रुवारीत रिकामं रान दिसलं म्हणून गाडी घालू नका. एकतर ते कुणाचं तरी शेत आहे, विचारल्याशिवाय घालूच नये, आणि दुसरं म्हणजे पुरता बाजार उठेल.

टायर, ट्यूब आणि आत टाकायचं औषध

चारचाकी असेल तर ट्यूबलेस. यावर वाद घालायचाच नाही. ट्यूबला काटा लागला की ट्यूब फुग्यासारखी पटकन बसते, ट्यूबलेसमध्ये काटा भोकातच बुचासारखा बसून राहतो आणि हवा हळूहळू जाते, तुम्हाला घरी किंवा निदान डांबरी रस्त्यापर्यंत पोचता येतं.

टायर घेताना नक्षीपेक्षा बाजूची भिंत बघा, म्हणजे साईडवॉल. तळाला स्टील असतं, भिंतीला बहुतेक टायरमध्ये नुसता कापडी धागा, एक, दोन किंवा चांगल्या टायरला तीन थर. किती थर आहेत ते टायरवरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, दुकानदाराला न विचारता स्वतः वाचा. भिंतीला भोक पडलं तर ते पट्टी (भोकात कोंबायची रबराची चिकट दोरी) घालून नीट होत नाही, टायर बदलावाच लागतो, म्हणून पैसे घालायचे तर इथं घाला. मड टेरेन म्हणजे चिखलाच्या टायरचे मोठे ठोकळे बघून भुलू नका, ठोकळ्यांच्या मधल्या जागा मोठ्या, काटा तिथंच शिरतो. वर्षातनं चार वेळा माळावर जाणाऱ्याला ऑल टेरेन बास.

झिजलेला टायर नको. कायद्यानं चारचाकीला 1.6 मिमी नक्षी चालते, पण काट्यात निम्मी झिजली की मी त्या टायरला रस्त्याच्याच कामाला ठेवतो. तयार झाल्याची तारीख पण बघायची, भिंतीवर चार आकडे असतात, 2322 म्हणजे 2022 सालचा तेविसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं, चिरतं.

मोटरसायकलचं वेगळं. तारांच्या चाकाला बहुतेक वेळा ट्यूबच असते. तिथं जाड ट्यूब घाला, हेवी ड्यूटी म्हणून तीन-चार मिमी जाडीची मिळते, साधी दीड मिमीच्या आसपास असते. वजन वाढतं, हँडल थोडं जड वाटतं, आणि टायरात चढवताना घाम निघतो, पण फरक पडतो. डकारसारख्या रॅलीत तर बाईकवाले ट्यूबच घालत नाहीत, मूस नावाची फोमची गोल वळकटी घालतात, हवाच नाही तर पंक्चर कसलं. ते आपल्यासाठी नाही, महाग असतं, लवकर संपतं आणि रस्त्यावर वेगात चालवायला बरं नाही.

सीलंट म्हणजे टायरात टाकायचं ते पातळ औषध, याबद्दल माझं मत, टाका पण त्याच्यावर विसंबू नका. बारीक काट्याची, सराट्याची भोकं ते खरंच बंद करतं. मोठा खुंट किंवा भिंतीचं भोक असेल तर काही उपयोग नाही. डब्यावर लिहिलंय तेवढंच टाका, जास्त टाकलं तर वेगात चाक थरथरतं. दीड-दोन वर्षात ते वाळून गोळे होतात, मग काढून नवीन टाकायचं. टायरात प्रेशरचा सेन्सर असेल तर सेन्सरला चालणारंच घ्या. आणि पंक्चरवाल्याला आधीच सांगा आत औषध आहे म्हणून, नाहीतर टायर खोलल्यावर त्याच्या अंगावर उडतं आणि तुम्हाला शिव्या बसतात. ट्यूबवर औषधाचा थर असेल तर ठिगळ चिकटत नाही, धुवून पुसून कोरडी करावी लागते, हे पण लक्षात ठेवा.

हवा किती ठेवायची

इथं सगळ्यात जास्त चुका होतात. कुणीतरी सांगितलेलं असतं ऑफरोडला हवा कमी करायची. वाळूत बरोबर आहे, 15-18 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणली की टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. पण काट्यात तेवढी कमी केली तर टायरची भिंत फुगून बाहेर येते आणि जी भिंत वाचवायची तीच खुंटाच्या समोर. उलट रस्त्यावरची पूर्ण हवा ठेवली तर टायर कडक असतो आणि काट्यावर सगळा भार एका जागी येतो. मी मधला रस्ता धरतो, कंपनीनं ड्रायव्हरच्या दारापाशी लिहिलेला आकडा समजा 32 असेल तर 26-28 च्या आसपास, त्याच्या खाली काट्यात नाही. ओढ्यात वाळू लागली तर तेवढ्यापुरती कमी करायची आणि बाहेर आलं की परत भरायची, आळस करायचा नाही. ट्यूबवाल्या बाईकला फार कमी केली तर दगडावर रिम आदळून ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, लोक उगाच काट्याला बोल लावतात.

हवा सकाळी, चाकं गार असताना मोजा. हवा मोजायचा गेज स्वतःचा घ्या, पंपावरच्या मीटरचं काही खरं नसतं.

गाडी चालवताना

पहिला नियम, चाकोरी सोडायची नाही. चाकोरीबाहेर जा वगैरे लोक भाषणात सांगतात, माळावर ऐकू नका. बैलगाडीनं, ट्रॅक्टरनं, दुधाच्या गाडीनं जी दोन चाकांची वाट पडलेली आहे तिथले काटे कुणीतरी आधीच आपल्या टायरात घेऊन गेलंय. बाजूचं गवत दिसायला मऊ, पण त्यात गेल्या वर्षीची फांदी पडलेली दिसत नाही. शिवाय हा माळ म्हणजे मोकळं रान नव्हे, लांडगा, खोकड, चिंकारा, जमिनीवर घरटं करणारे पक्षी सगळे इथंच राहतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य, रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य, इथं वाट सोडून गाडी घातली तर पंक्चरपेक्षा मोठं प्रकरण होईल. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला वनखात्यानं ठरवलेल्या वाटा आहेत, तिकडं फोटोला जाणाऱ्यांनी त्याच धराव्यात.

दुसरं, शंका आली की उतरा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. झुडपातनं वाट जात असेल, ओढ्याच्या उताराला पुराचा गाळ आणि काटक्या अडकलेल्या असतील, शेताच्या तोंडाला वाळलेल्या फांद्यांचं कुंपण ओढलेलं असेल, तर एकानं पुढं चालत जायचं. पायात बूट, हातात जाड मोजे, एक कोयता. फांदी दिसली की उचलून बाजूला टाकायची, चाकाखाली दाबून जायचं नाही. कुंपण बाजूला केलं असेल तर गाडी गेल्यावर परत जसंच्या तसं लावायचं, आणि ते ओढत नेलेल्या जागी काटे गळलेले असतात तेवढी जागा पायानं झाडून घ्यायची. मी गाडीत खराटा ठेवतो, लोक हसतात, हसू दे.

तिसरं, वेग. 15-20 च्या वर कशाला पाहिजे, कमी वेगात खुंट दिसतो. खुंट दिसला तर दोन चाकांच्या मध्ये घेऊ का बाजूनं जाऊ हा विचार आधी करा. खालून घ्यायचा तर किती उंच आहे ते बघा, आणि बाजूनं जायचं तर चाक त्याला घासणार नाही एवढं अंतर ठेवा. स्टेअरिंग पूर्ण वळवून जागच्या जागी गाडी फिरवणं टाळा, तेव्हाच टायरची भिंत जमिनीवरच्या गोष्टींवर घासते. चाक एका जागी गरगर फिरवणं पण नको, पडलेला काटा त्यानं आत दाबला जातो.

पावसाळ्यात जास्त जपायचं. ओलं रबर लवकर कापलं जातं, रबर कापताना पात्याला पाणी लावतात ते त्यासाठीच. आणि चिखलात खाली काय आहे ते दिसतच नाही.

गाडी उभी करताना

वर किस्सा सांगितलाच. सावलीला लावायची तर झाड बघून लावा, कडुलिंब, चिंच, आंबा चालेल. बाभूळ, हिवर, बोर यांच्या खाली नाही, अगदी फांदीच्या टोकाखाली पण नाही, वाऱ्यानं काटे लांब पडतात. आसपास दुसरं झाडच नसेल तर गाडी उन्हात ठेवा आणि तुम्ही सावलीत बसा. बसायच्या आधी सतरंजीखाली पण एकदा हात फिरवा, तो विषय वेगळा.

काटा घुसलाय, आता काय

मुक्कामाला पोचलं की रोज दहा मिनिटं, बॅटरी आणि पकड घेऊन चारही चाकं बघायची. गाडी अर्धं चाक पुढं घेऊन परत बघायची म्हणजे खालची बाजू दिसते. काट्याचं टोक मोडून रबरात राहिलं की ते आज काही करत नाही, चालून चालून आत सरकतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऑफिसला जाताना टायर बसलेला. म्हणून नुसते वरवर अडकलेले, तिरपे रुतलेले काटे पकडीनं लगेच काढायचे.

पण खोल, सरळ घुसलेला काटा असेल तर थांबा. आधी साबणाचं पाणी टाका, बुडबुडे येतात का बघा. बुडबुडे आले म्हणजे पार गेलाय, मग पट्टी आणि पंप हाताशी असल्याशिवाय तो उपसायचा नाही. तो काटाच सध्या तुमचं बूच आहे. नवशिक्या माणूस काटा दिसला की उपटतो आणि मग बसतो डोकं धरून.

काढायचा ठरला तर ट्यूबलेसचं काम असं. भोकाभोवती खडूनं खूण करा. काटा कुठल्या कोनात गेलाय ते बघून त्याच कोनात ओढून काढा, लगेच किटमधली खरबरीत सळी त्याच कोनात घालून चार-पाच वेळा आतबाहेर करा. पट्टी सुईच्या नाकात ओवून सोल्यूशन लावून दाबायची, दोन्ही टोकं बोटभर बाहेर राहिली की सुई झटक्यात ओढून घ्यायची. बाहेरचा भाग थोडा ठेवून कापा, हवा भरा, परत साबणाचं पाणी. हे पहिल्यांदा माळावर करू नका, पंक्चरवाल्याकडं जुना टायर मिळतो, घरी त्यावर दोन-तीन वेळा करून बघा, पहिल्यांदा जोर किती लागतो याचा अंदाजच नसतो.

ट्यूब असेल तर टायर खोलल्यावर नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतनं फडकं फिरवायचं, बोट नाही, फडकं. जिथं अडकेल तिथं काट्याचं टोक आहे. ते पकडीनं काढल्याशिवाय ट्यूब घातली तर दोन किलोमीटरवर परत तेच. ट्यूबला भोक एकच सापडलं म्हणून खूश होऊ नका, लांब काटा वरच्या बाजूलाही लागतो, पाण्यात पूर्ण फिरवून बघा. ठिगळ लावताना काचकागदानं घासून सोल्यूशन लावलं की ते सुकू द्या, बोटाला चिकटायचं बंद झालं की मग ठिगळ. घाई इथंच नडते.

सोबत काय पाहिजे

पूर्ण स्टेपनी, आणि तिच्यात हवा. हे वाचायला बावळट वाटेल पण निम्म्या लोकांची स्टेपनी बसलेली असते. नवीन गाडी घेताना स्टेपनी येते का तेही विचारा, 2020 पासून दुरुस्तीचं किट आणि प्रेशर दाखवणारी यंत्रणा असेल तर प्रवासी गाडी स्टेपनीशिवाय विकायला परवानगी आहे, काट्यात ते काही कामाचं नाही. जॅकखाली ठेवायला जाड फळी, माती मऊ असते. पट्ट्यांचं किट, पकड, व्हॉल्व्हच्या दोन-चार पिना आणि टोप्या, साबणाची बाटली, कोयता. बॅटरीला चिमट्यानं थेट लागणारा कॉम्प्रेसर घ्या, सिगारेट लायटरच्या भोकात लावायचा स्वस्तातला मोठ्या टायरला फ्यूज उडवतो. भरताना इंजिन चालू ठेवा. बाईकवाल्यांनी एक जास्तीची ट्यूब, टायर खोलायच्या दोन लिव्हर आणि हातपंप, मागच्या छोट्या चाकाची ट्यूब पुढच्या 21 इंचीला नीट बसत नाही पण पुढची 21 इंची मागं घालून घरी यायला चालते असं पण लोक करतात, मी म्हणेन दोन्ही ठेवा.

डांबरीला लागलात की हवा परत पूर्ण भरून घ्या, कमी हवेवर 80 नं गेलं की टायर तापतो आणि भिंत आतनं खराब होते. घरी आल्यावर पायपुसण्यातले सराटे झटका, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एकदा चारही चाकांना गेज लावा, एखादं दोन-तीन पीएसआयनं कमी दाखवत असेल तर काटा अजून आत आहे, लगेच साबणाचं पाणी घेऊन बसा.